डावीकडची जाळी

"काढा चुंबक, मेस्त्री," सलील दाबके म्हणाले. "तुमच्या चुंबकासाठी पुण्याहून आलोय. गाड्या काय, फोटोतसुद्धा बघितल्या असत्या."

सगळे हसले. मीही हसलो, आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढताना ते हातातून निसटून फरशीवर पडलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

जुन्या गाडीच्या रंगाखाली काय दडलंय ते डोळ्याला दिसत नाही. पत्रा सडला की तो कापून नवा बसवायचा सोडून लोक खड्ड्यात लांबी, म्हणजे पुटीचा लगदा, भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि वर झकास रंग मारतात. चुंबक पत्र्याला धरतं, लांबीला धरत नाही. एवढंच माझं शास्त्र. रुमाल अशासाठी की मालकाच्या रंगावर ओरखडा नको. या एवढ्या भांडवलावर कोल्हापूर, सांगली आणि बेळगावात माझं नाव झालं होतं. दस्तगीर शिकलगारनं हात फिरवलाय म्हटलं की गाडीचा सौदा पुढं सरकायचा. नाव असं झालं की माणूस जरा फुगतो. मीही फुगलो होतो, नाही कशाला म्हणू?

ही गोष्ट २००४ सालच्या फेब्रुवारीतली, जयसिंगपुरातली. चौगुल्यांची तंबाखूची वखार. तंबाखूचा धंदा बसला होता आणि वखार महिन्याभरात पाडायची होती. तिथं सुकुमार चौगुले मंगल कार्यालय बांधणार होता. नकाशा मंजूर, पाया आखलेला, अडचण फक्त वखारीतल्या दोन गाड्यांची. त्याच्या वडिलांच्या, भूपालअण्णांच्या. दोन्ही मार्लो कंपनीच्या, इंग्लंडहून आलेल्या, दोन सीटच्या, जमिनीला चिकटून पळणाऱ्या. हिरवी होती ती उघडी, वर फक्त कापडाचं छप्पर, तेही फाटलेलं. दुधी रंगाची होती ती टपाची, म्हणजे वर पक्कं पत्र्याचं छप्पर असलेली. दाबके दोन्हींपैकी एक नेणार होते. उरलेली हुबळीचा एक व्यापारी भंगाराच्या भावात न्यायला तयार होता.

दाबक्यांचा पुण्यात व्हॉल्व्हचा कारखाना. पन्नाशीचा माणूस, पण जुनी गाडी बघितली की शाळेतल्या पोरासारखा. त्यांच्या तीन गाड्या मीच उभ्या केल्या होत्या, त्यामुळं माझ्यावर भारी विश्वास. सोबत ऋतावहिनी होत्या. या खेपेला मात्र मला दाबक्यांनी आपणहून आणलं नव्हतं. सुकुमारनंच त्यांना फोनवर सांगितलं होतं, "आईचा एकच हट्ट आहे. गाडी कुणीही घ्या, पण बघायला दस्तगीर शिकलगार पाहिजे."

तो निरोप मिळाला तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्याच्या आईला, आक्कांना, मीच का हवा होतो ते मला कळलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आधी उघडी गाडी. मी चुंबक फिरवलं. दारांच्या खाली लांबी होती, मागच्या चाकाच्या कमानीत होती. ते सगळं मी स्पष्ट सांगितलं. इंजिन ठणठणीत होतं. दाबके आणि वहिनी तिला घेऊन शिरोळच्या रस्त्याला गेले आणि अर्ध्या तासानं परत आले ते दोघंही धुळीनं माखून. वहिनींचा अंबाडा सुटून केस खांद्यावर आले होते, दाबक्यांचा गॉगल कपाळावर चढला होता आणि दोघं कशावरून तरी इतके हसत होते की गाडी बंद केल्यावरसुद्धा खाली उतरेनात.

"ही घेऊ या," वहिनी म्हणाल्या. "मला दुसरी बघायचीसुद्धा नाही."

"अगं थांब. मजेला हीच, कबूल." दाबक्यांनी पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. "पण हे बघ. उघड्या मार्लो सात हजारांवर निघाल्या. टपाच्या फक्त दोनशे बारा. आपल्या देशात एकसुद्धा आहे असं कुणाला माहीत नाही. दहा वर्षं नुसती सांभाळली तरी..."

"सांभाळली म्हणजे? चालवायची नाही?"

"जितकी चालवू तितकी किंमत उतरणार ना!"

"मग बरणीत घाल आणि वरून तेल ओत. लोणच्यासारखी मुरेल."

सुकुमार मोठ्यानं हसला, पण त्याचं लक्ष दाबक्यांच्या तोंडाकडं होतं. टपाची गाडी गेली तर कार्यालयाचं काम एका हप्त्यात निघणार होतं, आणि उघडीच्या पैशात पायासुद्धा भरला नसता. हे त्यानं मला सकाळीच चहा देताना सांगून ठेवलं होतं.

तेवढ्यात आक्का आल्या. पद्मावती चौगुले, सुकुमारच्या आई. पासष्टीच्या आसपास, बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. वखारीच्या दाराशी खुर्ची ठेवली होती तिच्यावर बसल्या.

"वाळलास की रं दस्तू," म्हणाल्या. बस, एवढंच. आणि टपाच्या गाडीकडं बघत बसल्या.

मला बिडीची तलफ आली होती. पण वखारीत काडी ओढायची नाही, हा अण्णांच्या काळापासूनचा दंडक. मी नुसता खिसा चाचपला आणि टपाच्या गाडीकडं वळलो.

चुंबक टपाला लावलं. खट्‌दिशी चिकटलं. पुढं सरकवलं, चिकटलं. खांबाला, काचेच्या चौकटीला, टप जिथं मागच्या डिक्कीला मिळतं त्या उतारावर, सगळीकडं चिकटलं. कुठं एक तीळभर लांबी नाही.

"वा!" दाबके म्हणाले. "नुसता पत्रा. अगदी कारखान्यातून आल्यासारखा."

असणारच नुसता पत्रा. लांबी भरली असती तर माझ्या उस्तादांनी, हिंदुराव मेस्त्रींनी, माझे कान उपटले असते. ते टप हिंदुराव मेस्त्रींनी आणि मी केलं होतं, १९६६ साली, याच वखारीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.

झालं होतं असं. भूपालअण्णांनी मुंबईतल्या एका कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरकडून ही गाडी घेतली, तेव्हा ती उघडीच होती. अण्णांचा जीव गाडीत, आणि आक्कांना शेजारी बसवून फिरायची भारी हौस. पण घरात सासू-सासरे, दारात सगळी पेठ. चौगुल्यांच्या सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. उघड्या गाडीत पदर कसला राहतोय? पहिल्याच दिवशी रेल्वे फाटकाशी वारा आला, पदर उडाला, आणि चार माणसांनी ते बघून सासऱ्यांच्या कानावर घातलं. त्यानंतर आक्का गाडीत बसल्या नाहीत. अण्णा महिनाभर एकटे फिरले. मग एक दिवस ते इंग्रजी मासिकातलं एक पान घेऊन हिंदुराव मेस्त्रींकडं कोल्हापूरला आले. पानावर टपाच्या मार्लोचा फोटो. म्हणाले, "मेस्त्री, हे करून द्यायचं. ओळखू येता कामा नये."

पाच महिने लागले. भंगारातल्या एका व्हॅनचं टप कापलं, ठोकलं, पुन्हा ठोकलं. मागची काच सांगलीहून कापून आणली. फोटो एकाच बाजूचा होता, उजवीकडचा. उजव्या खिडकीच्या मागं, खांबावर, हवेसाठी हाताएवढी जाळी दिसत होती. डावीकडं काय आहे ते कुणाला माहीत? हिंदुराव मेस्त्री म्हणाले, "हिकडं हाय तर तिकडं बी असणारच." अण्णा म्हणाले, "नसली तरी करा. ती त्या बाजूला बसणार. वारा लागू दे तिला." डावीकडची जाळी मी केली. तिला आतून सरकती पट्टी बसवली, हवं तेव्हा उघडायला आणि मिटायला. माझ्या हातचं ते पहिलं स्वतंत्र काम.

त्याच कामात माझ्या डाव्या डोळ्यात पत्र्याचा तापलेला कण गेला. मी बोंबलतच बसलो. हिंदुराव मेस्त्री गावाला गेलेले, अण्णा हुबळीला. आक्का बाहेर आल्या, माझा डोळा बघितला, आणि कधी उंबऱ्याबाहेर एकटी न पडणारी ती बाई मला टांग्यात घालून स्टेशनवर आणि तिथून मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. दुपारभर बाहेर बाकावर बसून राहिली. आणखी दोन तास गेले असते तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या घरात माझा चहाचा कप वेगळा असायचा, परसात कोनाड्यात ठेवलेला. मिरजेहून आल्यावर तो कप दिसला नाही. आक्कांनी फोडून टाकला असं मोलकरणीनं सांगितलं. सासूशी त्या कपावरून काय झालं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

हिंदुराव मेस्त्री गेले, अण्णा गेले. टपाची खरी हकीकत जाणणारी दोन माणसं उरली होती. एक दारात खुर्चीवर, दुसरं हातात चुंबक घेऊन.

"मेस्त्री, इकडे या," दाबक्यांनी पुस्तक बॉनेटवर उघडलं. तोच फोटो! तीच उजवी बाजू. अडतीस वर्षांनी तो माझ्यापुढं आला. "कंपनी बुडाली तेव्हा दप्तरही गेलं. कुठल्या चासीवर टप होतं नि कुठल्यावर नव्हतं, याचा कागद जगात कुठं नाही. म्हणजे सगळा भरवसा बॉडीवर. तुम्ही पत्रा ओळखता. तुम्हीच सांगा, हे टप कारखान्यातलंच ना? तुम्ही हो म्हणालात तर ही घेतो. नाही म्हणालात तर ती हिरवी घेऊन आत्ता निघतो."

"मेस्त्री, नाही म्हणा हो," वहिनी हसत म्हणाल्या.

सुकुमारनं माझ्याकडं बघितलं. दाबक्यांनी बघितलं. मी आक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या, अगदी सरळ, डोळ्याची पापणी न हलवता. मला वाटलं, म्हणतायत, दस्तू, डोळ्याची आठवण ठेव. याच्यासाठीच बोलावलंय तुला.

एका बाजूला माझ्यावर विसंबून आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला आक्का. खरं सांगतो, मी फार वेळ तोलत बसलो नाही. ज्या डोळ्यानं पत्रा ओळखायचा तो डोळाच त्यांचा होता.

"कारखान्यातलंच हाय साहेब," मी म्हणालो. "असं काम आपल्याकडं कुठं व्हतंय?"

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते माझं मीच चिकटवलं, आणि बोलता बोलता मला हिंदुराव मेस्त्रींची शरम वाटली.

आक्का खुर्चीवरून उठल्या आणि घरात गेल्या. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. आक्कांचं ऋण फिटलं.

मग सगळं भराभर झालं. दाबक्यांनी विसार दिला, सुकुमारनं पेढे आणवले, सुनेनं पोहे केले. ऋतावहिनी हिरव्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून होत्या. दुधी गाडी न्यायला ट्रेलर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी पेढा खिशात टाकला. बाहेर जाऊन बिडी ओढली, परत आलो, पुन्हा बाहेर गेलो. एका जागी बसवेना.

चारच्या सुमाराला सुकुमार आला. "मेस्त्री, आई म्हणतेय, गाडी जायच्या आधी दस्तूला म्हणावं एक चक्कर मारून आण." मग दाबक्यांकडं वळून, जरा ओशाळून, "चालेल ना?"

दाबक्यांच्या कपाळावर आठी आली. गाडी आता त्यांची होती. "जा जा," ते म्हणाले. "पण मेस्त्री, हळू. आणि कच्च्या रस्त्याला नको."

आक्का डावीकडं बसल्या. पदर नीट केला. मी गाडी काढली. पेठेतून, गांधी चौकातून, स्टेशनच्या रस्त्याला लागलो. जयसिंगपूरचे रस्ते सरळ, पट्टीनं आखलेले, गाडीला कुठं वळायचीही गरज नाही. पोरं सायकली थांबवून बघत होती. रेल्वे फाटक बंद होतं, तिथं थांबावं लागलं.

"दस्तू," त्या म्हणाल्या, "हे टप कुणी केलं रं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. वाटलं, वय झालं, विसरल्या की काय?

"सांग की. इथं तिसरं कोण न्हाई."

"हिंदुराव मेस्त्रींनी. आन् मी."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, आक्का."

"मग तिथं का न्हाई बोललास?"

"म्हटलं... तुमचा सौदा मोडंल."

"माझा?" त्या इतक्या हळू बोलल्या की इंजिनाच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं. "मला काय करायचाय सौदा? सुकुमारला मी धा वेळा सांगितलं, बाळा, हे टप तुझ्या बाबांनी माझ्यासाठी करून घेतलं. तो म्हणतो, आई, तुला काही आठवत नाही, लोकांसमोर असलं बोलू नको, गाडी इंग्लंडची आहे. तो तवा जल्मलाबी नव्हता. म्हातारीचं कोण ऐकतंय? म्हटलं, दस्तू सांगंल. दस्तूचं सगळी ऐकत्यात. म्हणून तुला बोलवायला लावलं."

फाटकाच्या पलीकडून मालगाडी जात होती. डबे संपतच नव्हते.

"तीस वर्सं संसार केला," आक्का म्हणाल्या. "चारचौघात त्यांनी कधी मला हाक मारली न्हाई. त्या घरात तशी रीतच नव्हती. आत्याबाई, माझ्या सासूबाई, असेस्तोवर माझ्याकडं मान वर करून बघत नव्हते. पर स्वतःची उघडी गाडी माझ्यापायी झाकून टाकली त्यांनी. येवढं एकच केलं, आन् ते सगळ्या गावाला दिसंल असं केलं. आज तू म्हणालास, असं काम आपल्याकडं कुठं व्हतंय."

मला रडू आलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दाढी पिकलेली, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. मग गाडी वळवायला लागलो.

"कुठं?"

"आत्ता जातो आन् सांगतो. दाबके साहेबांच्या पायावर डोकं ठेवतो."

"नगं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आता बोललास तर तू खोटा पडशील. सुकुमार खोटा पडंल. त्यानं विसार घेतला, पेढे वाटले. पोरानं कार्यालयाचं मनात घेतलंय, हू दे त्याचं काम. सांगायचं ते सकाळी सांगायचं हुतं."

फाटक उघडलं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

आक्कांनी खांद्यामागं हात नेला आणि न बघता जाळीची पट्टी सरकवली. अडतीस वर्षांची पट्टी, पण सर्रकन सरकली. मी वेग धरला तसा वारा आत आला. त्यांच्या कानाजवळचे पांढरे केस हलले. पदर जागचा हलला नाही.

"अजून येतोय की रं वारा," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत डोळे मिटून बसल्या.

उतरल्यावर सुकुमारनं विचारलं, "काय आई, झाली हौस?" त्या हो म्हणाल्या आणि आत गेल्या. मी दाबक्यांच्या समोर उभा राहिलो. तोंड उघडलं, मिटलं. आक्कांनी नको म्हटलं होतं हे खरं. पण मला भीतीही वाटत होती, तेही तितकंच खरं. दस्तगीर शिकलगार खोटं बोलला, हे तीन जिल्ह्यांत पसरलं असतं. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला बजावत राहिलो की आक्कांसाठी गप्प बसलो. रिकाम्या वेळी ते पटायचं, कामाला हात लावला की पटायचं नाही. चुंबक तर मी कपाटात टाकून दिलं.

आक्का पुढच्या वर्षी गेल्या, त्याच कार्यालयाचं उद्‌घाटन झाल्यावर पंधरा दिवसांनी.

दुधी गाडीचं पुण्यात नाव झालं. प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. देशातली एकमेव. दाबके तिला झाकून ठेवायचे, वर्षातून दोनदा ट्रेलरवर चढवून न्यायचे आणि आणायचे. मला बोलावणं आलं ते २००९ च्या मे महिन्यात.

मी गेलो. दाबक्यांनी गॅरेजचं शटर आतून ओढून घेतलं. ऋतावहिनीही होत्या. गाडीवरचं कापड काढलं, आणि मी आपसूक डाव्या बाजूला गेलो. तिथं जाळी नव्हती. गुळगुळीत दुधी रंग, आणि त्या रंगात हाताएवढ्या चौकोनाची भेग. चारही बाजूंनी, रेघ ओढल्यासारखी. जाळी जिथं होती, नेमकी तिथंच.

"नवीन पुस्तक आलंय," दाबके म्हणाले. "त्यात दोन्ही बाजूंचे फोटो आहेत. जाळी फक्त उजवीकडे असते, मेस्त्री. ती माणसांसाठी नाहीच. पेट्रोलच्या टाकीचा वास बाहेर जायला आहे. डावीकडे काही नसतं. म्हणून मी इथल्या माणसाकडून बुजवून घेतली. त्यानं लांबी भरली. प्रदर्शनाच्या उन्हात फुटली. पुन्हा भरली, पुन्हा फुटली. पुढच्या महिन्यात जर्मनीहून एक जण बघायला येतोय. तुम्ही पत्र्यानं करा. तुमचं काम फुटत नाही."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"साहेब, ते टप कारखान्यातलं न्हाई. ते आम्ही केलंय, जयसिंगपुरात. मी तुमच्याशी खोटं बोललो. काय शिक्षा द्यायची ती द्या. गाडी परत करायची म्हणाला तर सुकुमारच्या पाया मी पडतो."

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या कानाखाली काढणार. ते नुसते स्टुलावर बसले.

"ते पुस्तक उघडलं त्याच दिवशी मला कळलं, मेस्त्री. चार रात्री झोपलो नाही. मग म्हटलं, शिक्षा तुम्हाला करायची तर आधी गाडी खोटी आहे असं मला जाहीर करायला लागेल. ते कसं करू?" ते उठले. "जाऊ द्या. झालं ते झालं. हे तुमच्या-माझ्यात राहील. एवढी जाळी तेवढी बुजवा."

"ही जाळी होती कशासाठी मग?" ऋतावहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. फाटकाशी उडालेला पदर, मासिकाचं पान, वारा लागू दे तिला म्हणालेले अण्णा, सगळं. त्या दिवशी वखारीत आक्कांसमोर जसं सांगायला हवं होतं तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. वहिनी ऐकत ऐकत गाडीच्या डाव्या बाजूला आल्या आणि त्या भेगेवरून त्यांनी बोट फिरवलं. दाबके शटरकडं तोंड करून उभे होते.

"मेस्त्री," ते म्हणाले, "करणार ना?"

काम एका दिवसाचं होतं. लांबी खरवडायची, पत्रा कापून मापानं बसवायचा, कडेनं बारीक वेल्डिंग, मग हातोडीनं सपाट. मी केलं असतं तर ते मरेपर्यंत फुटलं नसतं, आणि जर्मनीचाच काय, कुठलाच माणूस ते ओळखू शकला नसता.

"मला न्हाई जमायचं साहेब," मी म्हणालो. "आता हात चालत न्हाईत पहिल्यासारखे."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. त्यांनाही कळलं, वहिनींनाही कळलं. मी पिशवी उचलली आणि स्वारगेटला येऊन कोल्हापूरची गाडी धरली. त्या गाडीत मला बऱ्याच वर्षांनी झोप लागली.

दाबक्यांनी पुन्हा मला बोलावलं नाही. जर्मनीचा माणूस आला आणि न घेताच गेला, असं कानावर आलं. ऋतावहिनींचा मात्र ईदला न चुकता फोन असतो. उन्हाळा सरत आला की एक वेगळाही असतो. गाडीला पुन्हा भेग पडलीय म्हणतात, यांनी पुन्हा माणूस बोलावलाय. मला माहीत असतं, तरी मी दर वर्षी विचारतो, "कुठल्या बाजूला, वहिनी?"

"डावीकडं," त्या म्हणतात. "आक्का बसायच्या तिकडं."